उस्तादांच्या दारी गेलेला वकील : भातखंडे यांची भ्रमंती आणि लखनौचे संगीत विद्यापीठ

अमौसी (लखनौ) : मुंबईहून विमानाने लखनौला येणारा प्रवासी शहराच्या दक्षिणेकडील अमौसी येथे उतरतो. कानपूरहून येणारा लोहमार्गही अमौसीवरूनच शहरात शिरतो. येथून सुमारे १४ किलोमीटर अंतरावर कैसरबाग आहे. अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभारलेल्या या राजवाड्याच्या परिसरात परीखाना नावाची वास्तू आहे. नवाबाच्या काळी तेथे मुलींना गायन आणि नृत्य शिकवले जाई. आज त्याच ठिकाणी संगीताचे विद्यापीठ चालते आणि त्याला मुंबईच्या वाळकेश्वर भागात जन्मलेल्या एका मराठी वकिलाचे नाव आहे : विष्णु नारायण भातखंडे.

या संस्थेची स्थापना १९२६ साली झाली. २०२६ हे तिचे शताब्दी वर्ष. हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी देशात कोठेही असो, बिलावलपासून तोडीपर्यंतचे दहा थाट, रागाचा वादी-संवादी, स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल आणि वरची उभी रेघ म्हणजे तीव्र, ही परिभाषा तो आरंभीच शिकतो. ही सारी मांडणी भातखंडे यांची आहे. मात्र ते स्वतः मैफलीचे गायक नव्हते. त्यांचा संगीतातला प्रवेश श्रोता म्हणून झाला आणि जे गायक-वादक त्यांना थोर वाटले त्यांच्या दारी जाऊन बसण्यात त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. या भेटींतून त्यांना काय मिळाले आणि मिळालेल्याचे त्यांनी काय केले, यातच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

वाळकेश्वरचा श्रोता

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घर मध्यमवर्गीय होते. गाण्याची गोडी होती, पण गाणे हा व्यवसाय करावा असे त्या काळच्या पांढरपेशा ब्राह्मण कुटुंबात कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. आईकडून ऐकलेली भजने आणि स्तोत्रे हे त्यांचे पहिले शिक्षण. लहानपणी ते बासरी वाजवीत. पुढे महाविद्यालयीन शिक्षण सुरू असतानाच वल्लभदास दामूलजी यांच्याकडे त्यांनी सतारीचे धडे घेतले.

१८८४ साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० साली स्थापन झालेली ही पारशी मंडळींची संस्था. मुंबईत येणाऱ्या नामवंत कलावंतांचे गाणे-बजावणे येथे होई आणि सभासदांना शिकण्याचीही सोय असे. आपल्या आवडीचे कलावंत तरुण भातखंडे यांना प्रथम जवळून भेटले ते येथे. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो धृपदे घेतली. अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले. पुढे त्यांनी याच संस्थेत शिकवलेही.

या काळात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दोन गायक एकच राग वेगवेगळ्या रीतीने गात. एकाचा कोमल स्वर दुसऱ्याला मान्य नसे. कारण विचारले तर आपल्या घराण्यात असेच गातात, एवढेच उत्तर मिळे. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतले राग आणि कानांवर पडणारे राग यांचा मेळ बसत नसे. ज्या गाण्यावर त्यांचा जीव जडला होता त्याचे नियम कोणीच सांगू शकत नव्हते आणि तरीही ते गाणे विलक्षण सुंदर होते. हे कोडे त्यांना आयुष्यभर पुरले.

वकिली सुटली

१८८५ साली ते बी.ए. झाले आणि १८८७ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. कोर्टाचे काम सांभाळून संस्कृत, उर्दू, गुजराती, इंग्रजी अशा मिळतील त्या भाषांतले संगीतविषयक ग्रंथ ते वाचत होते. १८९६ साली त्यांनी गुजरात आणि काठेवाडचा दौरा केला. संगीतासाठी केलेल्या दूरच्या प्रवासांची ही सुरुवात होती.

१९०० साली त्यांच्या पत्नीचे आणि १९०३ साली एकुलत्या एका मुलीचे निधन झाले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते एकटे उरले. यानंतर त्यांनी वकिली सोडली. दुसरा संसार मांडला नाही. हाती असलेल्या बेताच्या उत्पन्नावर गरजा कमी ठेवून राहायचे आणि सगळा वेळ संगीताला द्यायचा, हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. घर रिकामे झाले म्हणून ते गाण्याकडे वळले, असे मात्र म्हणता येत नाही. ती ओढ वीस वर्षे जुनी होती. आता तिला आडकाठी उरली नव्हती, इतकेच.

एट्टयपुरमची पोथी

१९०४ साली भातखंडे दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुराई अशी गावे घेत ते विद्वानांच्या आणि गायकांच्या भेटी घेत राहिले. प्रत्येक ठिकाणी ठरवून तयार केलेले प्रश्न ते विचारीत. उलटतपासणीची सवय वकिलाला असतेच. मिळालेली उत्तरे ते रोजनिशीत सविस्तर नोंदवीत. अनेक ठिकाणी त्यांची निराशा झाली. जुन्या ग्रंथांची नावे सर्वांच्या तोंडी असत, पण ग्रंथ वाचलेला माणूस क्वचितच भेटे.

एट्टयपुरम या लहानशा संस्थानात मात्र त्यांना हवा तो माणूस भेटला. मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातले सुब्बराम दीक्षितर तेथे दरबारी विद्वान होते. कर्नाटक संगीतावरचा त्यांचा प्रचंड तेलुगू ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध होत होता. घराण्यात जपलेल्या रचना स्वरलिपीत बांधून सर्वांसाठी खुल्या करण्याचे, भातखंडे यांच्या मनात घोळत असलेले काम, या वृद्ध पंडिताने दक्षिणेपुरते पुरे केले होते. त्यांच्याकडे सतराव्या शतकातील व्यंकटमखी यांच्या चतुर्दंडीप्रकाशिका या संस्कृत ग्रंथाची पोथी होती. बारा स्वरांतून ७२ मेळ कसे निघतात आणि राग त्या मेळांत कसे बसवता येतात, याचे गणित त्या पोथीत होते.

भातखंडे यांनी ती पोथी मिळवली आणि पुढे ती छापून प्रसिद्ध केली. उत्तर हिंदुस्थानच्या रागांचे वर्गीकरण करण्याची किल्ली त्यांना अशी दक्षिणेच्या टोकाला सापडली. ७२ मेळांपैकी उत्तरेत खरोखर वापरात असलेले दहा निवडून त्यांनी पुढे आपली थाटपद्धती उभारली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी.

उत्तरेचे दरबार

१९०७ साली ते नागपूर, हैदराबाद, विजयनगरम आणि कोलकाता या बाजूला गेले. हैदराबादेत त्यांची काशिनाथशास्त्री अप्पा तुळशी यांच्याशी गाठ पडली. संस्कृतात संगीतावर लिहिणारा हा मराठी पंडित पुढे त्यांचा सहविचारी झाला. कोलकात्यात राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांची भेट झाली. हिंदुस्थानी संगीताविषयी देशोदेशीच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करणारे आणि संगीताची शाळा स्थापन करणारे ठाकूर तेव्हा वृद्ध झाले होते. पुढच्या दोन वर्षांत अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, मथुरा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर अशी फेरी झाली.

या फेरीत त्यांच्यासमोर खरी अडचण उभी राहिली. ग्रंथ मिळवणे एक वेळ सोपे होते. उत्तरेचे संगीत ग्रंथांत नव्हते. ते उस्तादांच्या गळ्यात होते आणि उस्ताद ते सहजी देत नसत. त्यामागे कारणही होते. १८५६ साली अवधचे राज्य खालसा झाले, १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा दरबार संपला. शेकडो कलावंत आश्रयासाठी रामपूर, ग्वाल्हेर, जयपूर, बडोदा अशा संस्थानांकडे पांगले. ज्याच्याकडे जमीन नाही, पदवी नाही, त्याची मालमत्ता म्हणजे वडिलांकडून मिळालेल्या बंदिशी. दुर्मीळ बंदिश लेकीच्या लग्नात दागिन्यासारखी दिली जाई, अशा आठवणी अनेक घराण्यांत सांगितल्या जातात. अशा माणसाच्या दारी मुंबईचा इंग्रजी शिकलेला वकील येतो, वही उघडतो आणि ती मालमत्ता लिहून घेऊ म्हणतो. उस्तादांनी दार लावून घेतले तर त्यांना दोष देणे कठीण होते.

भातखंडे यांनी यावर शिष्यत्वाचा मार्ग काढला. जे थोर वाटले त्यांच्यापुढे ते शिष्य म्हणून बसले. वय, शिक्षण, जात, धर्म यांपैकी काहीही आड येऊ न देता त्यांनी गंडा बांधून घेतला, गुरुदक्षिणा दिली, बंदिशी तोंडपाठ केल्या. उदयपूर दरबारचे धृपदगायक झाकिरुद्दीन खाँ यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह जडला. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंग परंपरेचे गायक. त्यांचे पुत्र आशक अली खाँ आणि अहमद अली खाँ यांच्याकडून भातखंडे यांना सुमारे तीनशे बंदिशी मिळाल्या. त्या स्वरलिपीत उतरवण्यासाठी त्या काळी नवलाचे असलेले फोनोग्राफ यंत्रही वापरले गेले. महंमद अली खाँ यांना त्यांनी गुरू मानले.

रामपूर हे तानसेनाच्या परंपरेचे तेव्हाचे सर्वांत मोठे पीठ होते. बीनकार वझीर खाँ तेथे दरबाराचे उस्ताद होते आणि खुद्द नवाब हमीद अली खाँ त्यांचे शिष्य. वझीर खाँ यांच्याकडील विद्या बाहेरच्या माणसाला मिळणे जवळजवळ अशक्य होते. भातखंडे यांनी नवाबांचेच शिष्यत्व पत्करले. सत्ताधीश गुरू झाल्यावर दरबारातील विद्येची कवाडे त्यांच्यासाठी काही प्रमाणात उघडली. नवाबांचे आप्त छम्मन साहेब यांच्याकडूनही त्यांना पुष्कळ सामग्री मिळाली.

वहीतून पुस्तकात

मिळालेली विद्या स्वतःच्या वहीत ठेवून भातखंडे एक दुर्मीळ संग्राहक म्हणून मिरवू शकले असते. त्यांनी ती छापली. १९०९-१० च्या सुमारास त्यांचा श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ चतुर पंडित या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. आपण आज ऐकतो ते संगीत प्रमाण मानायचे आणि शास्त्र त्याच्या मागून चालवायचे, ही त्या ग्रंथाची भूमिका होती. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारातले संगीत. पोथीत एक आणि गळ्यात दुसरे असेल, तर त्यांनी कौल गळ्याच्या बाजूने दिला.

त्याच ग्रंथावरचे विस्तृत भाष्य त्यांनी मराठीत लिहिले. हिंदुस्थानी संगीत पद्धती या नावाने त्याचे चार भाग १९१० ते १९३२ या काळात निघाले. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात हा ग्रंथ आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो. मध्येच प्रवासात भेटलेल्या एखाद्या गवयाची हकीकत येते, एखाद्या जुन्या ग्रंथकाराची झाडाझडती होते आणि गाडी पुन्हा रागावर येते. कित्येक ठिकाणी गुरू आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीची कबुली देतो. हिंदुस्थानी संगीतावरचा आधुनिक काळातला हा पायाभूत ग्रंथ मराठी गद्यात आहे, ही गोष्ट मराठी वाचकांच्याही फारशी स्मरणात नसते. देशभर तो पोहोचला तो पुढे हाथरसहून निघालेल्या हिंदी अनुवादातून.

दुसरे मोठे काम क्रमिक पुस्तक मालिकेचे. तिच्या सहा भागांत मिळून सुमारे १,८०० बंदिशी स्वरलिपीसह आहेत. धृपद, धमार, ख्याल, तराणा आणि रागाचे नियम गाण्यातूनच सांगणारी, भातखंडे यांनी स्वतः रचलेली लक्षणगीते त्यांत आहेत. लिपी मुद्दाम सोपी ठेवली होती. मंद्र सप्तकाला स्वराखाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. साध्या छापखान्यात खिळे जुळवता यावेत आणि हार्मोनिअमपुढे बसलेल्या शाळकरी मुलालाही वाचता यावी, अशी ही रचना आहे. ज्या बंदिशीसाठी वर्षानुवर्षे उस्तादाची सेवा करावी लागे ती आता पुस्तकाच्या किमतीत मिळू लागली. मुंबईतील स्नेही भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी या प्रकाशनाचा भार वाहिला. मालिकेचे शेवटचे दोन भाग भातखंडे यांच्या निधनानंतर छापून आले.

बडोद्याची परीक्षा

उस्तादांना त्यांच्या घरी भेटून झाल्यावर पुढची पायरी त्यांना एकमेकांसमोर आणण्याची होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. घराण्याघराण्यांतील स्पर्धा पाहता गायक, वादक, संस्थानिक आणि अभ्यासक यांचे एका मांडवात बसणेच मोठे होते.

या परिषदेत एक लक्षात राहणारा प्रसंग घडला. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून खास हार्मोनिअम तयार करवून घेतले होते. भारतीय गायकांचे सूक्ष्म स्वर त्यावर वाजवता येतात, असा त्यांचा दावा होता. त्याची पारख करण्यासाठी झाकिरुद्दीन खाँ आणि त्यांचे बंधू अल्लाबंदे खाँ यांचे गाणे समोर ठेवण्यात आले. पेटीचे स्वर आणि या धृपदियांचे स्वर जुळत नाहीत, हे मत परिषदेत प्रबळ ठरले. गणित, यंत्र आणि ग्रंथ यांच्या समोर भातखंडे यांनी शेवटचा पुरावा म्हणून आपल्याला आदरणीय वाटणाऱ्या गायकांचा गळा उभा केला होता.

पुढच्या परिषदा १९१८ साली दिल्लीला आणि १९१९ साली बनारसला झाल्या. दरम्यान बडोद्याच्या संगीतशाळेची फेररचना झाली. १९१८ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालाचे माहेरघर. तेथले राजाभैया पूछवाले यांच्यासारखे तयारीचे गायक मुंबईला येऊन भातखंडे यांच्याकडून स्वरलिपी आणि शिकवण्याची पद्धत शिकले. ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांनाच नव्या पद्धतीचे शिक्षक करायचे, हा भातखंडे यांचा मार्ग होता.

याच काळात दुसरे एक विष्णु देशभर फिरत होते. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. पलुस्कर गायक होते. व्यासपीठावरून, भजनांतून, राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून त्यांनी संगीताला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली. भातखंडे यांचा पिंड अभ्यासकाचा. दोघांच्या स्वरलिपी निराळ्या, स्वभाव निराळे, मतभेदही होते. पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला आणि पुढे मुलीलाही संकोच न बाळगता गाणे शिकता येऊ लागले, यात दोघांचाही वाटा आहे.

परीखान्यातील शाळा

राष्ट्रीय संगीत विद्यालय दिल्लीला व्हावे, अशी भातखंडे यांची इच्छा होती. निधी जमला नाही. अखेर ते लखनौला झाले. परिषदेची चौथी आणि पाचवी अधिवेशने येथेच भरली. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला. अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली खाँ, जे भातखंडे यांचे जुने चाहते आणि उर्दूत संगीतावर लिहिणारे जाणकार होते, त्यांचीही साथ मिळाली. १९२६ साली विद्यालय सुरू झाले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. पुढे त्याचे बिऱ्हाड कैसरबागेतील परीखान्यात आले.

ज्या नवाबाचे राज्य गेल्यामुळे लखनौचे कलावंत देशोधडीला लागले होते त्याच्याच वास्तूत आता वेळापत्रक, हजेरीपट आणि परीक्षा घेऊन संगीत परतले. राजाच्या मर्जीऐवजी शुल्काची पावती प्रवेश मिळवून देऊ लागली.

१९२८ साली भातखंडे यांनी आपले आवडते शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना या विद्यालयाचे प्राचार्य म्हणून धाडले. रातंजनकर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. लहानपणापासून भातखंडे यांच्या हाताखाली तयार झालेल्या या मुलाला त्यांनी बडोद्याला पाठवून आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांचा शागीर्द केले होते. पुस्तकाने राग कळतो, गाणे मात्र गवयाकडूनच घ्यावे लागते, हे पुस्तके लिहिणाऱ्या भातखंडे यांना पक्के ठाऊक होते. रातंजनकर यांनी पुढे सुमारे तीन दशके लखनौची धुरा वाहिली. कृ. गो. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर हे त्यांच्या तालमीतले. संगीतकार रोशन यांनी येथेच धडे घेतले आणि लखनौचेच तलत महमूद यांनीही गाण्याचा पाया येथे घातला. पुढे अहमदजान थिरकवा यांच्यासारख्या तबलानवाजाने येथे शिकवले.

आक्षेप आणि ऋण

भातखंडे यांच्या कामावर हयातीतच टीका सुरू झाली आणि ती आजही थांबलेली नाही. दहा थाटांत सारे राग बसत नाहीत, हा पहिला आक्षेप. ललत किंवा मधुवंती यांच्यासारख्या रागांना थाटाच्या चौकटीत कोंबताना अभ्यासकांची ओढाताण होते. स्वरलिपीत मींड, गमक, आंदोलन उतरत नाही, त्यामुळे बंदिशीचा केवळ सांगाडा हाती येतो, हा दुसरा. महाविद्यालयांतून परीक्षार्थी निघतात, कलावंत क्वचितच, हा तिसरा.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. भातखंडे यांच्या रोजनिशा आणि लेखन वाचणाऱ्या अलीकडच्या अभ्यासकांनी त्यांच्या दृष्टीतली एक तेढ पुढे आणली आहे. ज्या मुस्लिम उस्तादांकडून त्यांनी विद्या घेतली त्यांच्यातील अनेकांना ते ग्रंथ न वाचलेले, शास्त्राला पारखे मानीत आणि तसे स्पष्ट लिहीत. संगीताला संस्कृत ग्रंथांचे अधिष्ठान मिळावे, ते सुशिक्षित वर्गाच्या हाती यावे, या त्यांच्या धडपडीत पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळणारे उस्ताद आणि गाणाऱ्या स्त्रिया कडेला पडल्या, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. बंदिशी पुस्तकात आल्या. त्या देणाऱ्यांचा उदरनिर्वाह मात्र पुस्तकात आला नाही.

हे आक्षेप नाकारता येत नाहीत. त्याबरोबर नोंदीत असलेली दुसरी बाजूही पाहावी लागते. हेच भातखंडे संस्कृत ग्रंथांवर तितकीच कठोर उलटतपासणी चालवतात आणि आजच्या गाण्याला ते उपयोगी नाहीत, असा निकाल देऊन मोकळे होतात. कुठला सूर खरा हे ठरवायची वेळ आली, तेव्हा ते झाकिरुद्दीन खाँ यांच्याकडे वळतात. सर्वांत लाडक्या शिष्याला फैयाज खाँ यांच्या पायाशी बसवतात. आदर आणि अधीरता या दोन्ही गोष्टी त्यांच्या स्वभावात एकत्र नांदत होत्या. कलावंतावर प्रेम करणाऱ्या, पण त्याच्या मौनाने बेचैन होणाऱ्या माणसाची ही घडण होती.

शिवाय पुढे घडलेल्या गोष्टी पाहता त्यांच्या घाईला कारण होते, असेच म्हणावे लागते. संस्थाने १९४७ नंतर विलीन झाली आणि दरबारी आश्रय संपला. ज्या घराण्यांनी काहीच बाहेर जाऊ दिले नाही त्यांपैकी काहींचे गाणे शेवटच्या गायकाबरोबर गेले. जयपूर आणि रामपूरच्या कित्येक बंदिशी आज कोणाच्याही गळ्यात असू शकतात, याचे एक मोठे कारण त्या क्रमिक पुस्तकांत आहेत हे आहे.

अखेरची वर्षे

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरची तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. ज्यांना भेटायला त्यांनी देश पालथा घातला होता त्यांतले बहुतेक तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःच्या नावाने एकही संस्था काढली नव्हती आणि ग्रंथांवर टोपणनावे घातली होती.

नाव पुढे इतरांनी दिले. १९६१ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९६६ साली उत्तर प्रदेश सरकारने मॅरिस कॉलेज ताब्यात घेऊन त्याला भातखंडे यांचे नाव दिले. २००० साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती भातखंडे संस्कृती विद्यापीठ या नावाने राज्य विद्यापीठ झाली. गायन, वादन आणि नृत्य येथे शिकवले जाते. वाजिद अली शाह यांच्या दरबारात बहरलेले लखनौचे कथकही येथील अभ्यासक्रमात आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि देशभरच्या संगीतवर्गांत क्रमिक पुस्तके आजही उघडली जातात. बहुतेक बंदिशींच्या डोक्यावर राग आणि ताल यांची नावे असतात. ती कोणत्या उस्तादाकडून, कोणत्या गावी, किती दिवसांच्या आर्जवानंतर मिळाली, हे विद्यार्थ्याला त्या पानावर दिसत नाही. शताब्दीच्या निमित्ताने भातखंडे यांच्या नावाबरोबर महंमद अली खाँ, आशक अली खाँ, झाकिरुद्दीन खाँ, वझीर खाँ, रावजीबुवा बेलबागकर आणि सुब्बराम दीक्षितर ही नावेही परीखान्यातील विद्यार्थ्यांना सांगितली गेली, तर ज्या ऋणातून ही संस्था उभी राहिली त्याचा थोडासा हिशेब पुरा होईल.